बापूजींची विनाथांबा फेरी

बापूजी गुल्हान्यांना पायी चालताना पाहिलेला माणूस अख्ख्या नेरमध्ये शोधून सापडला नसता. उभी हयात एसटीच्या स्टिअरिंगमागे गेली. रिटायर झाले ते कागदावर. अंगातून बस काही उतरली नव्हती. ओसरीवरच्या खुर्चीत बसले असताना समोरून मांजर आडवं गेलं, की त्यांचा उजवा पाय फरशीवर करकचून ब्रेक दाबायचा. पानठेला घरापासून एवढा जवळ, की ठेलेवाला तिथूनच ओरडून ‘बापूजी, चुना कमी का?’ असं विचारू शकायचा. तरी बापूजी स्कूटर काढणार, किक मारणार आणि स्कूटर गरम व्हायच्या आत पोचणार. गुडघ्यांचं निमित्त सांगून त्यांनी घरात कमोड बसवून घेतला होता, जेवायला टेबल आणलं होतं. जमिनीशी त्यांचे संबंध असे पार तुटले होते.

अशा घरात दिवाळीनंतर रुपाली पहिल्या बाळंतपणाला आली. सासरी पांढरकवड्याला ती एका फायनान्सवाल्याच्या हपिसात कॉम्प्युटरवर बसायची. सकाळी बसली की संध्याकाळीच उठायची. नवरा इंद्रजित हायवेवर ट्रकचे पार्ट विकायचा आणि फोनवर एकच प्रश्न विचारायचा, ‘जेवली का?’

रुपालीच्या मनात मात्र एकच गोष्ट पक्की होती. बाळंतपण नॉर्मल झालं पाहिजे. तिला सुईचंसुद्धा भय. लहानपणी शाळेत लस टोचायला आले, तेव्हा ती भिंतीवरून उडी टाकून थेट स्टँडवर पळाली होती आणि नेमकी बापाच्याच बसमध्ये जाऊन लपली होती. त्या पोरीला पोट कापायचं नुसतं कोणी बोललं, तरी घाम फुटायचा.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं. बाळाचं डोकं खाली, सगळं ठाकठीक.

‘‘पण अंग फार जाम झालंय तुझं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘रोज झपाझप चालायचं. खिडकीचा गज धरून, टाचा टेकवून उकिडवं बसायचं. श्वास लांब सोडायची सवय करायची. नॉर्मलच होईल अशी हमी मी देत नाही, कोणीच देऊ नये. पण मोकळं अंग असलं, की कळा सोसायला जोर राहतो.’’

घरी येऊन रुपाली अंगणातल्या खिडकीपाशी उकिडवी बसते न बसते, तोच तिची आई सत्यभामाबाई हातात पोळीचं लाटणं घेऊन धावली.

‘‘ऊठ वं, ऊठ आधी! पयल्या बाळंतपनाले लेक माहेरी आली अन् आंगनात अशी बसून हाये! समोरची विजयमाला काय म्हनन? लेकीले आरामाले आनलं का शेनगोठ्याले?’’

‘‘म्हनू दे ना तिले काय म्हनते ते.’’

‘‘तुले काय लागते म्हनाले! तू जाशीन पांढरकवड्याले. मले इथंच राहाचं हाये.’’

समोरची विजयमाला म्हणजे साधं प्रकरण नव्हतं. दिवसभर ओट्यावर सूप घेऊन तूर पाखडायची आणि तुरीतून एक खडा सुटला तर सुटला, गल्लीतून माणूस सुटायचा नाही. तेव्हा घरात तह झाला. उकिडवं बसायचं ते आतल्या खोलीत, दार लावून. चालायला बाहेर जायचं, पण सोबत माणूस पाहिजे. सत्यभामाबाईंच्या मागे चूल. उरलं कोण? खुर्चीतला माणूस.

पहिल्या दिवशी बापूजींनी स्कूटर काढली.

‘‘तू हो पुढं. मी मांगून येतो हळूहळू.’’

‘‘बाबा, मले चालाचं हाये. मिरवनूक नाई काढाची.’’

झालं. बापूजी जमिनीवर उतरले. घरापासून बाजार समितीच्या फाटकापर्यंत जायचं आणि परत यायचं, असा रूट ठरला. आता ड्रायव्हर माणूस. रूट म्हटला की थांबे आलेच. पहिला थांबा पूनमसिंगची चहाची टपरी. दुसरा, ज्याच्यासोबत निम्मी नोकरी केली त्या श्रावण कंडक्टरचं घर. तिसरा, पुढे पिठाच्या गिरणीचा ओटा. बापूजी प्रत्येक ठिकाणी टेकायचे, दम खायचे, गावाचे हालहवाल घ्यायचे.

आणि आपल्याकडे पहिलटकरीण दारावरून रिकामी जाऊ द्यायची नाही, अशी रीत. तिला काही खायचं मन झालं आणि मिळालं नाही, तर लेकराची लाळ गळते म्हणतात. कोण घेणार ते पाप? पूनमसिंग मलईचा चहा आणि गरम आलुबोंडा पुढे करी. श्रावणरावांच्या घरून वाटीभर शिरा येई, वर तुपाची धार. गिरणीवाली उकडलेल्या तुरीच्या शेंगा ओटीतच टाकी. रुपाली नको म्हणाली, की बापूजी समजावायचे, ‘‘घे ना माय, त्याईले वाईट वाटते.’’ आणि तिच्यानं उरलेलं स्वतः संपवायचे. कारण अन्न वाया घालवणंही पापच.

महिनाभरानं दोघं तपासणीला गेली. रुपालीनं छाती काढून सांगितलं, ‘‘रोज चालतो आम्ही, मॅडम.’’

डॉक्टरीणबाईंनी वजनकाट्याकडे पाहिलं, मग रिपोर्टकडे, मग बापूजींच्या पोटाकडे.

‘‘काका, चालता म्हणजे कुठं चालता?’’

बापूजींनी मोठ्या उत्साहानं रूट सांगितला, थांब्यांसकट, प्रत्येक थांब्यावर काय चांगलं मिळतं त्यासकट. बाईंना आधी हसू आलं, मग त्या गंभीर झाल्या.

‘‘हिची साखर काठावर आलीय. अशीच वाढली आणि बाळ फार मोठं झालं, तर मग नॉर्मलचं मी काही सांगू शकत नाही. हे चालणं नाही काका, ही पंगत आहे.’’

परतीच्या वाटेवर रुपाली बापाच्या दोन पावलं पुढेच चालत राहिली. पूनमसिंगनं हाक मारली, तर तिनं मान खाली घातली. बापूजींना वाटलं, ती रागावली. मग त्यांनी वाकून पाहिलं, तर पोरगी रडत होती, अगदी त्या लसीच्या दिवशी सीटखाली बसून रडत होती तशी.

त्या रात्री बापूजी जेवले नाहीत, असं सत्यभामाबाई सांगतात. बापूजी म्हणतात, थोडंसं जेवलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ट्रंकेतून जुना खाकी शर्ट काढला. बटणं पोटावर काही केल्या लागेनात, म्हणून तो बनियनवर उघडाच घातला आणि अंगणात येऊन जाहीर केलं, ‘‘चाल माय. आजपासून गाडी विनाथांबा.’’

पूनमसिंगनं गाळणी हलवत आवाज दिला, ‘‘ओ बापूजी! चाय!’’

‘‘विनाथांबा हाये!’’ बापूजी मान न वळवता ओरडले.

श्रावणराव वाटी घेऊन दारात उभे होते. त्यांनी पुढे येत म्हटलं, ‘‘अबे, मी तं स्टाफ हावो ना!’’

‘‘स्टाफ असो का साहेब असो, हात दाखवू नका! गाडी थांबत नाई!’’

गावाला ही भाषा लगेच समजली. विनाथांबा गाडीला हात दाखवून थांबवायचं नसतं, हे शेंबड्या पोरालाही कळतं, आणि त्यात कोणाचा अपमानही होत नाही. डॉक्टरांनी मनाई केली म्हटलं असतं, तर ‘एका लाडवानं काय होते?’ म्हणून लोक गळ्यातच पडले असते. चौथ्या-पाचव्या दिवशी तर गिरणीवालीच लोकांना दटावायला लागली, ‘‘सरका, सरका, गाडी येऊन राह्यली.’’

अडली ती एकटी विजयमाला. ती मेथीच्या लाडवांचा डबा घेऊन गल्लीच्या मधोमध उभी राहिली.

‘‘काय जी बापूजी, माह्या घरचं चालत नाई काय?’’

‘‘तुमचे लाडू बाळंतपन झाल्यावर. सीट रिझर्व हाये तुमची.’’

‘‘मंग एवढे घाईनं बापलेक जाता तरी कुठं रोज?’’

रुपालीनं सरळ सांगून टाकलं. चालायचं का, उकिडवं बसायचं का, तेही दार लावून का. विजयमालानं सगळं ऐकलं आणि कपाळावर हात मारला.

‘‘अवं, माह्यासाठी लपून बसतं काय तू? मी तं वावरात निंदता निंदता दोन लेकरं केले! चाल, मी बी येतो.’’

तिनं डबा ओट्यावर ठेवला, पदर खोचला आणि गाडीत एक प्रवासी वाढला. ज्या तोंडाला सत्यभामाबाई भीत होत्या, तेच आता रोज सकाळी दारात येऊन ‘चाला जी लवकर’ म्हणून ओरडायला लागलं. उकिडवं बसणं अंगणात आलं.

एके दिवशी रुपाली म्हणाली, ‘‘बाबा, एकटीनं बसाले कंटाळा येते. तुमी बी बसा.’’

बापूजींनी खिडकीचा गज धरला आणि किती वर्षांनी कोण जाणे, खाली गेले. गेले ते गेलेच.

‘‘उठा आता,’’ रुपाली म्हणाली.

‘‘उठतो ना. घाई काय हाये?’’

थोड्या वेळानं त्यांनी बारीक आवाजात बायकोला हाक मारली. सत्यभामाबाई एका काखेत, विजयमाला दुसऱ्या काखेत, असं करून त्यांना वर काढलं. ‘‘ब्रेकडाऊन झालं वं,’’ विजयमाला म्हणाली. रुपाली पोट धरून इतकी हसली, की श्वासाचा त्या दिवसाचा सगळा व्यायाम त्यातच उरकला. बापूजींनी मात्र मनावर घेतलं. रोज गज धरून खाली, रोज दोघी काखेत. पुढच्या तपासणीला रुपालीची साखर जागेवर आली. बापूजींच्या शर्टाची खालची दोन बटणं लागायला लागली.

संक्रांत झाली आणि एका सकाळी कळा सुरू झाल्या. बापूजी स्कूटरकडे धावले.

‘‘ठेवा ती,’’ रुपाली भिंत धरून म्हणाली. ‘‘मॅडमले फोन केला मी. अजून लांब लांब येऊन राह्यल्या. दवाखाना हा इथं तं हाये. चालत जाऊ.’’

ती निघाली. एका बाजूला बाप, दुसऱ्या बाजूला आई, मागे पिशवी घेऊन विजयमाला. कळ आली, की रुपाली बापूजींच्या खांद्यावर कपाळ टेकवायची, लांब श्वास सोडायची. बापूजीही सोबत सोडायचे, तिच्यापेक्षा मोठ्यानं. पूनमसिंग टपरीतून बाहेर येऊन नुसता उभा राहिला. कापसानं लदलेला ट्रॅक्टर समोरून आला आणि कोणी न सांगता कडेला थांबला. आज कोणी हाक मारली नाही.

दवाखान्यात दुपार झाली, तरी काही होईना. डॉक्टरीणबाई बाहेर येऊन म्हणाल्या, ‘‘बाळाचे ठोके चांगले आहेत. पोरगी छान सोसतेय. अजून थोडी वाट पाहू. नाहीच झालं, तर सिझरचं ठरवावं लागेल.’’

बापूजी आत गेले. रुपालीचे केस घामानं कपाळाला चिकटले होते.

‘‘बाबा, एवढं चाललो आपन...’’

‘‘पाह्य माय,’’ बापूजींनी तिचा हात धरला. ‘‘लय गाड्या चालवल्या मी. कवा पुलावून पानी जाये, मंग लांबून फिरून न्याव लागे. पन एक बी सवारी मी रस्त्यात उतरवली नाई. रस्ता डॉक्टरीनबाई ठरवन. तू फक्त श्वास सोड.’’

रुपालीनं मान हलवली, आणि पुढची कळ आली तेव्हा बापाचा हात असा दाबला, की बापूजींना आयुष्यभराचे गेअर आठवले.

बाहेर येऊन त्यांना बाकावर बसवेना. आतून रुपालीचा लांब श्वास ऐकू यायचा आणि ते भिंतीपाशी उभं राहून तसाच श्वास सोडायचे. केव्हा तरी पाय दमले. ते भिंतीला पाठ लावून खाली सरकले आणि उकिडवे बसले, टाचा टेकवून.

मग आतून लेकरू रडलं. सिस्टर दारात आली.

‘‘मुलगी झाली! नॉर्मल! दोघी छान आहेत.’’

सत्यभामाबाई आणि विजयमाला आत धावल्या. बापूजीही उठले. दारापर्यंत गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की आपण उठलो. गज नाही, काख नाही, कोणी नाही. त्यांनी वळून भिंतीकडे पाहिलं. पाहणारं तिथं कोणीच नव्हतं.

संध्याकाळी इंद्रजित धापा टाकत पोचला आणि दारातूनच त्यानं रुपालीला विचारलं, ‘‘जेवली का?’’ तेव्हा बापूजींना राहवलं नाही. हातातली नात त्यांनी सत्यभामाबाईंकडे दिली.

‘‘मी आज एकटा उठलो. उकिडव्यातून.’’

‘‘पुरे करा,’’ सत्यभामाबाई म्हणाल्या.

‘‘खोटं वाटते? हे पाह्य.’’

आणि ते खाटेच्या पायथ्याशी ऐटीत खाली बसले.

सगळे वाट पाहत राहिले. रुपाली उशीवरून मान उंचावून पाहू लागली. इंद्रजितला काय चाललंय ते कळेना.

‘‘बाबा?’’ रुपाली म्हणाली.

‘‘उठतो ना. घाई काय हाये?’’

‘‘हासवू नका बाबा, दुखते मले!’’ म्हणत रुपालीनं तोंडावर चादर घेतली. विजयमालानं मेथीच्या लाडवांचा डबा स्टुलावर ठेवला, पदर खोचला आणि जावयाला म्हणाली, ‘‘जावईबापू, तिकून काखेत हात घाला.’’