खेमराज मिस्त्रीचे कान

बालाघाटचा खेमराज मिस्त्री तीस वर्षं आवाजावरून इंजिनाचा बिघाड ओळखायचा. अलीकडे त्याला कमी ऐकू येत होतं, पण ते तो लपवायचा.

एकदा जवळच्या लामता गावच्या नर्स रचनाताईंची कार धक्के देत आली. बिघाड दुसऱ्या सिलिंडरमध्ये होता. त्याची ठिणगी पाडणारी इग्निशन कॉइल त्याने तिसऱ्यावर लावून पाहिली, तर बिघाडही तिकडे गेला. म्हणजे कॉइलच खराब होती. नवी बसवून त्याने वायरीचं सॉकेट दाबलं. नीट बसलं की ते 'कट्' वाजतं. त्याला काहीच ऐकू आलं नाही. सैल राहिलं असेल, तर गाडी वाटेत पुन्हा धक्के देणार होती.

"ताई, मले आयकू येत नाही. कट् वाजलं का?"

"हौ, वाजलं. पण काहून लपवता? उद्या दवाखान्यात या, कान दाखवू."

"येतो," खेमराज म्हणाला. त्याला हलकं वाटलं.