बाई पेवात उतरली तो दिवस

माझी बहीण माझ्या घाईनं मेली.

आज वर्ष झालं. लोक म्हणतात, तिची वेळ आली होती. नाही. वेळ माझी आली होती. मधे ती आली.

यमुना तिचं नाव. घरात आम्ही तिला बाई म्हणायचो.

मोर्शीला दिली होती. नवरा गेला आणि एक गाठोडं घेऊन ती तिवस्याला माहेरी परत आली. तिसऱ्या दिवशी तिनं रस्त्याच्या कडेला चूल मांडली.

नागपूर-अमरावती रस्ता आमच्या मळ्याला लागून. रेल्वे अजून आमच्याकडे आली नव्हती, सगळा कापूस बैलगाडीनं अमरावतीच्या बाजारात जायचा. हंगामात गाड्यांचा खंड नसायचा. गाडीवानांना भाकर लागायची, ती बाई द्यायची. सोबत झुणका नाहीतर आंबाडीची भाजी.

दुकान म्हणावं असं काही नव्हतं. तीन चुली आणि एक छप्पर.

पण प्रत्येक कामाला ठरलेली वेळ. पहाटे दळण. मग सरपण फोडून चुलीपाशी. मग पाणी, अगोदर बैलांना आणि नंतर माणसांना. जेवायला सगळे रांगेत. एकदा एका सावकाराचा दिवाणजी मधेच घुसला. बाईनं तव्यावरून नजरही काढली नाही.

"तुमची पाळी त्या तांबड्या बैलवाल्याच्या मागं. बसा."

बसला बिचारा.

मी हसायचो. "बाई, तू घासबी मोजून खाते का?"

"तू काईच मोजत नाही, म्हनून मले मोजा लागते," ती म्हणायची.

मग तिकडे अमेरिकेत लढाई लागली आणि इकडे कापसाला सोन्याचे दिवस आले. जो तो कापूस पेरू लागला. मीही ज्वारी आणि भाजीचा मळा मोडला.

"चार ओळी तरी ज्वारीच्या ठेव," बाई म्हणाली.

"विकत घेऊ," मी म्हणालो.

पण सगळ्यांनीच कापूस पेरल्यावर ज्वारी विकणार कोण? आमच्याकडे उरलं एक पेव. मुरमात खोदलेलं, मडक्यासारखं. तोंड लहान, पोट मोठं. आत ज्वारी भरून वरून शिळा ठेवून लिंपलेलं.

पेव उघडायची बाईची रीत ठरलेली होती. शिळा आदल्या दिवशी काढायची, कारण आत कोंडलेली हवा माणूस मारते. दुसऱ्या दिवशी दोरीनं पेटती पणती आत सोडायची. ती विझली नाही, तरच माणूस उतरवायचा, तोही कमरेला दोर बांधून.

त्या दिवशी सकाळी चाळीस गाड्या एकदम आल्या. त्यांचा मुकादम म्हणाला, "दुपारच्या आत सगळ्यायले जेवू घाला. या हंगामाच्या माझ्या सगळ्या गाड्या इथंच थांबतीन."

घरात पीठ दहा माणसांचं.

बाई म्हणाली, "आज जमत नाही. पेव उद्या उघडीन."

मी मुकादमाला बाजूला घेतलं. "बसा तुमी. आज देतो."

बाई पाणी आणायला विहिरीवर गेली होती. मी शिळा सरकवली. थोडा वेळ थांबलो. किती? एक चिलीम ओढायला लागतो तेवढा. पणती सोडली.

विझली.

"वाऱ्यानं विझली," मी मुकादमाला म्हणालो.

आत वारा कुठून येणार होता?

दोरही बांधला नाही. टोपली घेतली आणि उतरलो. पायाला ज्वारी लागली एवढं आठवतं.

पुढचं सगळं मला गाडीवानांनी सांगितलं.

बाई घागर टाकून धावत आली. लोक पेवाभोवती नुसते उभे. तिनं लुगड्याचा पदर ओला करून तोंडाला बांधला. दोराचं एक टोक गाडीवानांच्या हातात दिलं.

"दोर हालला का ओढा. पयले त्याले."

एक म्हातारा गाडीवान म्हणाला, "थांब माय, तुले दुसरा दोर आनतो. गाडीत हाय."

प्रत्येक गोष्टीला थांबणारी माझी बहीण त्या दिवशी थांबली नाही.

आत तिनं माझ्या काखेतून दोर घातला. गाठ मारली. दोर हलवला. त्यांनी ओढलं. मी वर आलो, निळा पडलेला.

तो दुसरा दोर आत सोडला. तो हललाच नाही.

कोणी उतरायला धजेना. वरून पाणी ओतलं, सुपांनी वारा घातला. मी शुद्धीवर आलो तेव्हा पेवाच्या तोंडाशी माणसं वाकलेली दिसली. मी विचारलं, "बाई कुठं हाय?"



तिला काढलं तेव्हा ऊन उतरलं होतं. मुकादम गाड्या घेऊन केव्हाच पुढे गेला होता.

मी आठ दिवस चुली चालवून पाहिल्या. सरपण ओलं, पीठ कमी, गाडीवानांची भांडणं. नवव्या दिवशी बंद केलं. ती किती काम करत होती, ते मला तेव्हा कळलं.

आणि हेही सांगतो, कारण लपवून काय करू? त्याच पेवातली ज्वारी आम्ही चार महिने खाल्ली. दुसरी नव्हती. माझी बायको भाकर थापताना रडायची. मी खायचो.

त्या वर्षी कापूस भरघोस आला.

तिला बाहेर काढल्यावर गावचे पाटील पंचनाम्याला आले होते. नाव विचारलं, सांगितलं. वय विचारलं. कोणालाच माहीत नव्हतं. तिनं सगळ्यांचं सगळं ध्यानात ठेवलं, तिचं कोणी ठेवलं नाही.

मी म्हणालो, "माझ्याहून मोठी."

त्यांनी तेवढंच लिहून घेतलं.

बाई, तुझ्या धाकट्या भावाचा तुला शेवटचा रामराम.