रिकाम्यापोटी
आल्याच्या चहाचा वास आला की मला एमबीबीएसनंतरचं सोनोग्राफीचं ट्रेनिंग आठवतं. लाखांदूरहून पहिल्या एसटीने आलेली एक बाई टेबलावर पडली होती. ‘रिकाम्यापोटी या’ असं मीच तिला बजावलं होतं. पोटावर गार जेल लावून मी घाम फुटेस्तोवर शोधलं, पण पित्ताशय दिसेना. शेवटी ‘नागपूरला पाठवावे’ असं लिहायला घेतलं, तेवढ्यात चादर बदलायला आलेल्या मावशींनी तिला विचारलं, “काव बाई, चाय पेली का?” ती म्हणाली, “पेली ना स्टँडवर. चाय तं उपासालेबी चालते!” दुधाच्या चहाने पित्ताशय आकसलं होतं. दुसऱ्या दिवशी ती चहाही न घेता आली आणि पित्ताशय खड्यासकट लगेच दिसलं. आता प्रत्येक पेशंटला मी मावशींचाच प्रश्न आधी विचारते. भिंतीवरच्या सर्टिफिकेटवर मात्र त्यांची सही नाही.