पाठीवरची सहा नावं

अँटवर्पमध्ये गोमार फेरस्ट्रेपनसारखा रंधा मारणारा दुसरा नव्हता, आणि हे तो स्वतःच सांगत फिरे. जुनी चित्रं लाकडी फळीवर काढलेली असत. फळी वाकली की गोमार तिची पाठ रंधा मारून पातळ करी आणि मागून पट्ट्यांची जाळी बसवी. म्हातारपणी तो पाठीवरचा मजकूर आधी कागदावर उतरवून घेई. ही सवय त्याला फार उशिरा लागली.

१९४३च्या जानेवारीत एका दलालाने फळी आणली. नदीकाठ, पवनचक्की, चिखलात रुतलेली गाडी. तीनशे वर्षांपूर्वीचं काम. गोमारने ती उलटी केली. पाठीवर सहा मालकांची नावं होती, ज्याने त्याने आपल्या हाताने लिहिलेली. पहिला बिअर गाळणारा, मग एक पाद्री, एक विधवा. शेवटचं नाव एलियास वाइनगार्टन, गल्लीतला घड्याळजी. मागच्या उन्हाळ्यात जर्मनांनी त्याला बायकोसकट गाडीत घातलं, ते गोमारने खिडकीतून पाहिलं होतं.

"पाठ कोरी हवी," दलाल म्हणाला.

"फळी सरळ आहे, साहेब. उगाच कशाला?"

"पुढे वाकेल की. तू काय फळीचा बाप लागतोस?"

गोमारने रंधा उचलला. काम मात्र सुरेख केलं. वाईट काम त्याला जमतच नसे, हेच त्याचं दुर्दैव.

युद्धानंतर घड्याळजीची मुलगी रिव्का एकटीच परतली. चित्र दलालाकडे सापडलं. "बाबांनी मागे नाव लिहिलं, तेव्हा दौत मी धरली होती," तिने चौकशी समितीला सांगितलं. फळी उलटवली. गुळगुळीत लाकूड आणि पट्ट्या.

तेव्हा गोमार उभा राहिला. सहाही नावं त्याने तोंडपाठ म्हटली, ती आपणच काढून टाकल्याचंही सांगितलं. वरातीमागून घोडं.

"तोंडी नावं कुणीही सांगेल," अध्यक्ष म्हणाले. चित्र दलाल घेऊन गेला.

बाहेर पायऱ्यांवर रिव्काने गोमारला गाठलं.

"काका, निदान ढलप्या तरी ठेवल्यात का?"

"नाही गं पोरी. शेगडीत घातल्या. थंडी फार होती त्या साली."

ती त्याच्या हातांकडे बघत राहिली.

"ऊब आली?"

गोमारला खोटं बोलता आलं असतं.

"आली," तो म्हणाला.