भाडेकरूचं सोंग

ह्यांच्या निवृत्तीला वर्षभर उरलं आणि ह्यांच्या डोक्यात गुंतवणूक शिरली. लग्न झाल्यापासून आम्ही तारापूरच्या वसाहतीत, क्वार्टरमध्ये. नळ गळला की तक्रार द्यायची, माणूस येऊन दुरुस्त करून जातो. त्यामुळे घर कसं बघतात हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं; फरक एवढाच, की मला ते कबूल होतं. ह्यांचा बेत मात्र पक्का. क्वार्टर सोडलं की गावी मोठ्या दिरांच्या घरातल्या मागच्या दोन खोल्यांत राहायचं, आणि फंडाच्या पैशांतून एक फ्लॅट घेऊन तो भाड्याने द्यायचा. मला कुणी विचारलं नव्हतं. दीर-जाऊ माणसं चांगली आहेत, पण दुसरीच्या स्वयंपाकघरात म्हातारं होणं म्हणजे काय, हे पुरुषांना कसं समजावणार?

तर दर रविवारी स्कूटर काढून आम्ही वस्त्या बघायला लागलो. वाणगावला एका शेतात पोहण्याच्या तलावाचं चित्र असलेला भलामोठा फलक होता आणि त्याच्या सावलीत म्हशी बसल्या होत्या. एजंट म्हणाला, दोन वर्षांत इथे ओळखू येणार नाही. बोईसरचा एजंटही तेच म्हणाला, पालघरचाही. चहा मात्र सगळ्यांनी पाजला.

ह्यांची सारी नोकरी तपासणीच्या खात्यात गेलेली. तिसऱ्या रविवारी हे म्हणाले, "घेणाऱ्याशी सगळे गोड बोलतात. खरं ऐकायचं तर भाडेकरू म्हणून जायचं." मला गंमत वाटली. वाकडा भांग पाडून, जुनी साडी नेसून निघाले.

आणि खरंच, लोक एकदम खरं बोलायला लागले. बोईसरला कारखान्यांच्या बाजूला एका घरमालकाने आपणहून सांगितलं, संध्याकाळी वारा फिरला की खिडक्या लावून घ्या. शेजारच्या खोलीतला कामगार दारात दात घासत होता. तो म्हणाला, "यहाँ कमरा खाली नहीं रहता, अंकल. एक जाता है, दूसरा आता है." हे खूश. मी विचारलं, कपडे वाळत कुठे घालायचे? तर मला बाजूला घेऊन म्हणाले, "आपल्याला थोडंच राहायचंय!"

हे वाक्य मी त्या महिन्यांत इतक्यांदा ऐकलं की मीच ते आधी म्हणून टाकायची. जिना अंधारा? आपल्याला थोडंच राहायचंय. पाणी तासभरच? आपल्याला थोडंच. पालघरला एका सोसायटीच्या सेक्रेटरीने नाव-गाव सोडून आधी विचारलं, "नॉनव्हेज खाता का?" माझं माहेर समुद्राकाठचं. आपल्याच मुलखात बोंबील लपवून खायचा, ही तर कमालच झाली. ह्यांनाही राग आला, पण वेगळा: अशा ठिकाणी निम्मे भाडेकरू फिरकणारच नाहीत, म्हणाले. त्या दिवशी तरी आमचं एकमत झालं.

मग मासवणच्या वाटेवर, पालघरच्या जरा बाहेर, एका म्हाताऱ्या बाईंकडे गेलो. त्यांनी आपल्या घरावर मजला चढवून खोल्या काढल्या होत्या. ओटीवर वाल सोलत बसल्या होत्या. आम्हाला बसवलं, पाणी दिलं.

"आता कुटे राहाता?"

"तारापूरला, क्वार्टरमध्ये," हे म्हणाले.

"मग सोडता कशाला?"

अशा वेळी बदलीची गोष्ट सांगायची असं आमचं ठरलेलं. ती सांगायला ह्यांनी घसा खाकरला, तेवढ्यात मीच बोलून गेले. "ह्यांची नोकरी संपतेय. क्वार्टर सोडावं लागणार. आणि आमचं स्वतःचं घर नाही."

बाईंचे हात थांबले. "या वयात भाड्यानं नका राहू, बाय," त्या म्हणाल्या. "लहानसं बगा, पन आपलं बगा. माजं हाय, म्हनून मी कोनाचं आयकत नाय."

मला रडू आलं. सोंगाचं नव्हे, खरंखुरं. त्यांनी सोललेल्या वालांचं टोपलं बाजूला सारलं आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला.

बाहेर आल्यावर हे हसत म्हणाले, "काय खोटं बोललीस! क्षणभर मलाही खरं वाटलं."

"त्यातलं खोटं कुठलं, तेवढं सांगा," मी म्हटलं.

ह्यांनी स्कूटरला लावलेली किल्ली परत काढली. माझं एकेक वाक्य तपासलं असणार. शेवटी विचारलं, "दादाकडच्या खोल्या तुला नको आहेत का?"

"नको आहेत."

मला वाटलं होतं, हे सांगायला मोठं भांडण लागेल. दोन शब्दांत झालं, आणि मला एकदम भूक लागली. नाक्यावर थांबून आम्ही वडापाव खाल्ला.

पुढच्या रविवारी सोंग न करता गेलो. पालघरला, तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. एजंटने कुलूप काढता काढता सवयीने विचारलं, "साहेब, गुंतवणुकीसाठी की राहायला?"

हे माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "हिला विचारा."

मी आधी स्वयंपाकघरात गेले आणि कुणालाही न विचारता खिडकी उघडली.