कामाला गेलेली पुस्तकं

साखराबाई,

हे तोंडी सांगता आलं असतं. तुझं घर माझ्यापासून चार गल्ल्या लांब. पण समोर बसलं की तू मधेच तोडतेस. "ते ऱ्हाऊ द्या बाई, चहा घ्या," म्हणतेस आणि माझं सांगायचं राहून जातं. म्हणून लिहिते. हे छापूनही येणार आहे. आपल्या वाचनालयाला चाळीस वर्षं झाली, त्याची स्मरणिका निघते आहे. अध्यक्ष बबनराव मला म्हणाले, "बाई, शिपाई साखराबाईंवर चार ओळी द्या. सेवाभावी, मनमिळाऊ, असं काहीतरी. फक्त त्या चिंध्यांचं नका लिहू."

तू मनमिळाऊ नाहीस. आणि मी चिंध्यांचंच लिहिणार आहे.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. मी पाटोद्याच्या शाळेतून निवृत्त झालेली मराठीची शिक्षिका, अकरा वर्षं या वाचनालयाची कार्यवाह. साखराबाईनं नवरा रामकिसनबरोबर बावीस हंगाम ऊस तोडला. मोळ्या वाहून कंबर गेली, तेव्हा ती आमच्याकडे झाडलोटीला लागली. वाचायला ती साक्षरतेच्या वर्गात शिकली. तो वर्ग मीच घेत होते, पण मला ती आठवत नाही. तिला मी आठवते. "लई वसकन अंगावर यायच्या तुमी," एवढंच म्हणते.

पहिलं वर्षभर तू फक्त धूळ झटकायचीस. पण झटकायला काढलेलं पुस्तक लवकर कपाटात जायचं नाही. मी विचारलं तर म्हणायचीस, "आतली धूळ बघत व्हते."

त्या काळात बाया खिडकीशी येऊन विचारायच्या, "बाई, कोणतं नेऊ?" मी हात करायची. कपाट समोर आहे, कादंबऱ्या लेखकाच्या आडनावाप्रमाणे लावल्या आहेत, बघून घ्या. मग ती बाई दोन मिनिटं उभी राहायची, चित्र बरं असलेलं एखादं उचलायची आणि आठवड्यानं न वाचता परत आणायची. मला वाटायचं, यांना गोडीच नाही. तू एकदा पोछा बादलीत टाकलास आणि म्हणालीस, "बाई, कापडवाला तरी इचारतो, साडी नेसायला पायजे का द्यायला. तुमी तेवढंबी इचारीत न्हाई."

"शास्त्र असतं त्याला, साखराबाई. जगभर अशीच लावतात."

"आडनावावरून? आपल्याकडं आडनावावरून माणसं लावून ठेवलीत, त्याचं काय झालं बघताव ना? आता पुस्तकंबी तशीच लावा."

मी तुला कामाचं बघ म्हणाले. 

मग तू खिडकीशी स्वतःच बसायला लागलीस. येणाऱ्या बाईला तुझे प्रश्न ठरलेले. मागचं कुठपर्यंत वाचलं? तिथं कावून, म्हणजे का, सोडलं? घरात वाचताना कोण बघतं? बस. कोणता विषय आवडतो, हे तू कधी विचारलं नाहीस. "ते कुणालाच ठाव नसतं," म्हणायचीस. पण कुठं कंटाळा आला, कुठं पुस्तक आपटावंसं वाटलं, हे बाई बरोबर सांगते. तेवढ्यावरून तू उठून कपाटातून एकच पुस्तक काढायचीस. दोन कधी नाही. दोन दिली की माणूस एकही वाचत नाही, हे तुझं ठाम मत.

आणि मग चिंध्या. गोधडीला लागणाऱ्या कापडाचे बोटभर तुकडे, खळीनं पुस्तकाच्या पाठीवर चिकटवलेले. खळीत कडुनिंबाचा पाला वाटून घातलेला, म्हणजे कसर लागत नाही. खणाचा लाल तुकडा असेल तर त्या कादंबरीतली बाई ऐकून घेत नाही. शाळेच्या निळ्या चड्डीचा असेल तर कुणीतरी घर सोडून जातं. ठिपक्यांचा म्हणजे हसायचं. धोतराचा पांढरा म्हणजे म्हातारपणाचं, आणि ते तू साठीच्या आतल्या माणसालाही द्यायचीस, कारण "आधीच वाचावं, मग उशीर हुतो." हिरवा प्रेमाचा. त्यातही साधा हिरवा असेल तर गोष्ट लग्नाला संपते. हिरव्यावर दोन टाके असतील तर लग्नानंतर सुरू होते. ही विभागणी मी विद्यापीठातसुद्धा ऐकली नव्हती.

मी चिडले होते, हे छापून जाऊ दे. पांढऱ्या शाईनं, छान अक्षरात मी टाकलेले वर्गांक तू झाकले होतेस. मी एक तुकडा नखानं खरवडून काढत होते, तेव्हा तू माझ्यापुढं एक पुस्तक ठेवलंस. लाल आणि पांढरा, दोन्ही तुकडे.

"हे न्या. ह्यातली म्हातारी तुमच्यावानी चिडकी हाय."

नेलं. ती म्हातारी माझ्यापेक्षा पुष्कळ बरी होती.  तिसऱ्या दिवशी विचारलं, "हिचा दुसरा भाग आहे का गं?" तू हसली नाहीस, म्हणून तेवढं तुला माफ केलं.

तिथंच थांबली असतीस तर भांडण झालं नसतं. पण दिवाळी आली, ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघाल्या आणि तू परमेश्वर मुकादमाच्या टोळीतल्या बायांना पुस्तकं दिलीस. एक्केचाळीस. परत कधी, तर गुढीपाडव्यानंतर, पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर. आमचा नियम पंधरा दिवसांचा. तू रजिस्टरात तारखेच्या जागी काहीच लिहिलं नव्हतंस.

पौषात कळलं की वाचनालयाची सरकारी तपासणी आहे. बबनरावांनी कपाटातल्या फटी पाहिल्या आणि तुला समोर उभं केलं.

"साखराबाई, एक्केचाळीस पुस्तकं हरवली?"

"हरवली न्हाईत. कामाला गेलीत."

"थट्टा नको. पुस्तकं दिसली नाहीत तर आपल्या वाचनालयाचा वर्ग खाली जाईल, अनुदान घटेल. सोमवारपर्यंत आली तर ठीक. नाहीतर मी 'गहाळ' लिहिणार आणि तुम्हाला कमी करणार. या चिंध्यापण काढायच्या."

"सोमवारी कशी येतील? ऊस हुबा हाय अजून."

"मग फोन करून मागवा."

"मी न्हाई मागवायची. पाडव्याला देत्याल म्हणून शबूद घेतलाय मी. माझाबी दिलाय."

बबनरावांचीही बाजू आहे. वर्ग खाली गेला तर नवी पुस्तकं येणं थांबतं. ते मला पटलं. आणि तुझी जागा जाईल याची मला धास्ती बसली. म्हणून तुला न विचारता मी मुकादम परमेश्वरला फोन लावला. तो तिकडे सांगलीच्या बाजूला टोळी घेऊन होता. म्हटलं, परमेश्वर, वाचनालयाची पुस्तकं तपासणीला लागतात, पाठवून दे.

मी शिकलेली बाई, पण एवढं सुचलं नाही की टोळीत मुकादमाचा शब्द म्हणजे काय असतो. तिथं कुणी कशाला म्हणून विचारत नाही. तो टोळीच्या झोपड्यांतून, कोपी-कोपीतून फिरला. जी जिथं वाचत होती, तिच्या हातून पुस्तक घेतलं, खताच्या गोणीत भरलं आणि गावाकडे येणाऱ्या ट्रकमध्ये टाकलं. शनिवारी गोणी आली. मी मोजली. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस. तुला हाक मारली ती अशी, जशी काही मी लढाई जिंकून आले.

तू पहिलं पुस्तक उघडलंस. मधून उसाच्या पाचटाची काडी डोकावत होती. दुसरं उघडलंस, त्यातही पाचट. तिसऱ्यात केसाची पिन. मग तू गोणीपाशी खालीच बसलीस.

"बाई, ही वाचून झालेली न्हाईत."

"अगं, तपासणी आहे. तुझी नोकरी..."

"माझी नोकरी माझ्यापाशी. तुमी कावून मागवली? भरल्या ताटावरून उठीवलं की हो बायांना!"

चाळीस वर्षं मी पोरांना ओरडले, पण मला कुणी असं ओरडलं नव्हतं. ओरडायलाच पाहिजे होतं.

सोमवारी तपासणीचे साहेब आले. बबनराव खुशीत. "चला, सगळी आली. ते पाचट झटका आणि लावा कपाटात." तू गोणीवर दोन्ही हात ठेवलेस.

"ह्याला हात लावायचा न्हाई. मोजायची तर गोणीपाशी बसून मोजा. एक खूण हलली तर ती बाई सापडायची न्हाई तिची तिला."

"साहेबांसमोर हे काय बोलणं?"

"साहेब वाचित असत्याल तर त्यांना कळंल."

साहेब वाचत होते की नाही, कोण जाणे. पण ते खाली बसले आणि त्यांनी एकेक पुस्तक न उघडता मोजलं. चिंध्यांबद्दल काही बोलले नाहीत. शेऱ्यात एवढंच लिहिलं, की कापडी खुणांमुळे वर्गांक झाकला जाऊ नये. म्हणजे चिंधी दोन बोटं वर सरकवायची. ते आपण दोघींनी आठवड्यात केलं.

साहेब गेल्यावर बबनराव म्हणाले, "वाचलो. आता ही इथंच राहतील. पंधरा दिवसांच्या वर एकही पुस्तक बाहेर नाही, नाहीतर साखराबाईंनी यायचं नाही. नियम म्हणजे नियम."

मी रजिस्टर पुढं ओढलं.

"नियम सात वाच, बबन."

"बाई, चारचौघांत बबन..."

"सातवीत माझ्या वर्गातही तू व्याकरणाचा नियम न वाचता उदाहरणं सोडवायचास. वाच. दुसऱ्या कुणाची मागणी नसेल तर कार्यवाहाच्या सहीनं पुस्तकाची मुदत पंधरा दिवसांनी वाढवता येते. किती वेळा, ते लिहिलं नाही."

आणि मी सह्या करायला बसले. पाडव्यापर्यंत पुरतील अशा, एकेका पुस्तकाला सहा. तू शाईची बाटली धरून उभी. बबनराव म्हणाले, आगाऊ सह्या चालत नाहीत. मी म्हटलं, न चालण्याचा नियम दाखव. ते अजून शोधताहेत.

ट्रक चालवणारा बिभीषण रिकामा परत निघाला होता. त्याच्या गाडीत गोणी गेली. तू त्याला बजावलंस, "आडवी टाकू नको, आन् परमेश्वरला सांग, ज्याचं त्याच्या हातात दे." पाडव्यानंतर बाया वाचनालयात आल्या त्या भांडायलाच. ताराबाईनं ठिपक्यांचं पुस्तक टेबलावर आपटलं, "ह्याला हसायचं कोण म्हणलं? मी तीन दिस रडले." तू ठिपक्यांचा तुकडा काढलास आणि पांढरा लावलास. माझं शास्त्र इतक्या वर्षांत एकाही वाचकानं दुरुस्त केलं नव्हतं.

आता तुझ्या-माझ्यातलं.

गोणीतून चाळीसच परत गेली होती. एकाची पाठ येताना उसवली होती, ते तू शिवायला घरी ठेवलंस. हिरवा तुकडा, दोन टाके. नदीवर नाव चालवणाऱ्या बाईची कादंबरी. ती दिपाली वाचत होती. बारावी झालेली ही पोरगी आईबापांबरोबर हंगामाला गेली होती. पाडव्यानंतर तिची आई एकटीच आली. म्हणाली, दिपालीचं लग्न उरकलं, सिरसाळ्याला दिली.

"आन् पुस्तक?" तू विचारलंस.

"ती इचारीत व्हती, त्या नाववाल्या बाईचं पुढं काय झालं म्हणून."

तू म्हणालीस, मी देऊन येते. मी म्हटलं, तुझी कंबर बघ, मला परळीला बहिणीकडे जायचंच आहे, सिरसाळा वाटेत पडतं. तू शिवलेलं पुस्तक कागदात गुंडाळून दिलंस. नंतर माझ्या बहिणीनंच कळवलं की ती मुलाकडे निघाली आहे. मी गेले नाही. पुडकं तुझ्या टेबलावर ठेवलं, तू जाशील म्हणून. तुला वाटलं असणार, मी ते देऊन आले आणि हे तशाच कागदातलं दुसरं काही आहे. ते तू माझ्या टेबलाच्या खणात ठेवलंस. मी विचारलं नाही. तूही विचारलं नाहीस, आणि तू तर कुणालाही विचारायला कचरत नाहीस.

परवा स्मरणिकेसाठी जुने कागद काढताना ते सापडलं. बबनला सहा सह्यांनी गप्प बसवणाऱ्या आपण दोघी, आणि बीडला गाडी बदलून सिरसाळ्याला जाणं आपल्याकडून झालं नाही. परमेश्वरनं तरी माझ्या सांगण्यावरून ते तिच्या हातून काढलं होतं. आपण ते कुणाच्याही सांगण्यावाचून ठेवून घेतलं.

पुडकं मी उघडलं. पाचटाची काडी शेवटचं प्रकरण सुरू होतं त्या पानावर आहे. ती मी हलवलेली नाही.