दुकानातलं श्री

घडी होणारा लॅपटॉप घ्यावा की साधाच, हे ठरवायला मी पुन्हा त्याच दुकानात उभी होते. "अगं, घेऊन टाक एकदाचा," नवरा कंटाळून म्हणाला. तिथल्या मुलीने पडदा मागे दुमडून पार पाठीला टेकवला. लॅपटॉपची चक्क पाटी झाली. मग तिने माझ्या हातात पेन दिलं. "काहीही लिहून बघा, मॅडम."

काहीही? हाताने मला न विचारताच वर मधोमध 'श्री' लिहिलं. वाणसामानाची यादी असो की परीक्षेचा पेपर, आमच्याकडे आधी श्री. आणि एकदा श्री लिहिलं की पान कोरं सोडून उठायचं नाही, असं आई म्हणायची. मी इतके दिवस फायदेतोटे तोलत बसले होते, आणि हात सुरुवात करून मोकळा झाला होता. माझ्या बऱ्याच चांगल्या गोष्टी अशाच झाल्या असाव्यात.

मुलगी पुसायला आली. "थांब गं," मी म्हटलं, "हाच दे."

"हा दाखवायचा आहे, मॅडम. तुम्हाला नवा मिळेल."

नव्यावर घरी पुन्हा लिहिलं. दुकानातलं मात्र पुसू दिलं नाही. माझ्यासारख्याच अडलेल्या पुढच्या गिऱ्हाइकाला तेवढीच सुरुवात आयती.